ऊन नाही तिथं सावली कुठनं आली?

गेल्या मे महिन्यात ओळखीच्या एका चादरविक्रेत्यासाठी मी १० सेकंदांची जाहिरात करत होतो. जागा आमचीच गच्ची, सोलापुरात अशोक चौकाच्या मागची. चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत, लोखंडी स्टँडवरची पाण्याची टाकी आणि खाली कोबा, एवढं सगळं खरं, कॅमेऱ्यानं टिपलेलं. त्यात कॉम्प्युटरवर बनवलेल्या दोन गोष्टी बसवायच्या होत्या. दोरीवर वाळत घातलेली मोराची सोलापुरी चादर आणि चादरीच्या काठावर बसलेली एक चिमणी. चिमणी उडते, तिची सावली कोब्यावरून सरकत टाकीच्या सावलीतून पलीकडं जाते, आणि जाहिरात संपते.

शॉट तयार झाल्यावर शेजारच्या अण्णांना बोलावून दाखवला. अण्णांची चाळीस वर्षं मागावर गेली आहेत, चादरीत काही चुकलं तर ते लगेच सांगतील म्हणून. त्यांनी दोनदा पाहिलं, मोराचे रंग बरोबर आहेत म्हणाले आणि मग टाकीकडं बोट नेलं. "हे टाकीजवळ काळं काय सरकतंय ओ? तिथं ऊनच नाही, मग सावली कुठनं आली?"

माझ्याकडं हे काम शिकायला येणाऱ्या मुलांना हेच शिकवताना मला दोन-दोन तास लागतात. टाकीच्या सावलीत सूर्य आधीच अडलेला आहे. अडलेलं ऊन चिमणी आणखी कसं अडवणार? माझ्या शॉटमध्ये मात्र चिमणीची सावली टाकीच्या सावलीवर चढली होती आणि तेवढा ठिपका दुप्पट काळा झाला होता. चूक माझीच होती. ती कशी झाली आणि कशी सुटली, हे सांगायचं तर थरांपासून सुरुवात करावी लागेल.

कॉम्प्युटरमध्ये आपण वस्तूंचे आकार, त्यांचे रंग, दिवे आणि कॅमेरा मांडतो. या मांडणीवरून प्रत्येक पिक्सेलचा रंग हिशेब करून काढणं म्हणजे रेंडर करणं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १० सेकंदांच्या २४० फ्रेम होतात. एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. माझ्या मशीनला सगळं एकत्र धरून एका फ्रेमला १२ मिनिटं लागत होती, म्हणजे पूर्ण शॉटला ४८ तास. एवढं झाल्यावर समोरच्यानं "सावली जरा फिकी करता येईल का?" असं विचारलं तर पुन्हा ४८ तास. म्हणून चादर वेगळी, चिमणी वेगळी, सावली वेगळी असे थर रेंडर करतात आणि ते खऱ्या चित्रीकरणावर एकावर एक बसवतात. या बसवण्याला कंपोझिटिंग म्हणतात. सावली फिकी करायला मग एक आकडा बदलला की पुरतं. हाताने चित्रं काढण्याच्या काळातही रीत हीच होती. पात्र पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ तावावर, मागचं दृश्य कागदावर रंगवलेलं, आणि दोन्ही कॅमेऱ्याखाली एकावर एक.

थर एकावर एक ठेवायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो कडेचा. चिमणीच्या पोटाच्या मधोमध काही अडचण नाही, तिथं फक्त चिमणी दिसते. पण पिसाच्या टोकाशी एखाद्या पिक्सेलमध्ये थोडं पीस असतं आणि थोडी मागची भिंत. तिथं कुणाचा रंग किती घ्यायचा?

याचं उत्तर पंच्यात आहे. विरळ विणीचा पंचा खिडकीसमोर धरा. ताणा-बाणा मिळून समजा निम्मी जागा झाकतात आणि उरलेल्या निम्म्या जागेतून बाहेरचा उजेड येतो. लांबून पाहिलं तर धागे वेगळे दिसत नाहीत, सगळा पंचाच अर्धपारदर्शक वाटतो. पिक्सेलचंही असंच असतं. पिसानं पिक्सेलची किती जागा झाकली, तो आकडा म्हणजे अल्फा. पूर्ण झाकली तर १, अजिबात नाही तर ०, आणि मधलं सगळं मध्ये. अण्णांना मी हे जेकार्डच्या भाषेत सांगितलं. जेकार्डच्या कार्डाला जिथं भोक असतं तिथं ताण्याचा धागा उचलला जातो, जिथं नसतं तिथं तो खाली राहतो. अल्फा हेही तसलंच एक कार्ड आहे, वरचा थर कुठं दिसेल आणि मागचा कुठं, हे ठरवणारं. फरक एवढाच की कार्डाला भोक असतं किंवा नसतं, आणि अल्फाला पाव भोक, पाऊण भोकसुद्धा चालतं. नेहमीच्या ८ बिटच्या चित्रात अशा २५६ पायऱ्या असतात.

चित्राच्या लाल, हिरव्या आणि निळ्या आकड्यांसोबत हा चौथा आकडा कायमचा ठेवायचा, ही कल्पना १९७० च्या दशकाच्या शेवटी एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करताना पुढं आणली. त्यांचीही अडचण माझ्या ४८ तासांसारखीच होती. मागचं दृश्य बदललं म्हणून पुढची वस्तू पुन्हा का रेंडर करायची? दोन चित्रं मिसळण्याच्या सूत्रात प्रमाणासाठी ग्रीक अक्षर अल्फा वापरतात, तेच नाव या चौथ्या आकड्याला पडलं. पुढं १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी थर एकमेकांवर, एकमेकांच्या आत, एकमेकांच्या बाहेर कसे बसवायचे याचं पूर्ण गणित मांडलं. आज तुमच्या मोबाइलवर एखादा स्टिकर फोटोवर चिकटतो तेव्हाही तेच गणित चालतं. या चौघांना १९९६ मध्ये ऑस्करच्या तांत्रिक विभागाचा पुरस्कार मिळाला.

त्या गणितातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र एका ओळीचं आहे. वरचा थर जसाच्या तसा घ्या, आणि त्यानं जेवढी जागा मोकळी सोडली तेवढ्या भागातून मागचा थर येऊ द्या. निम्मी जागा झाकणारे दोन पंचे एकावर एक धरले तर सगळी खिडकी झाकली जात नाही. पहिल्यानं निम्मी झाकली, उरलेल्या निम्म्यातली निम्मी दुसऱ्यानं झाकली, म्हणजे एकूण ७५ टक्के. २५ टक्के उजेड अजून येतोच. अर्धपारदर्शक थरांवर थर रचताना हा हिशेब पुष्कळांच्या लक्षात राहत नाही आणि "दोन्ही पन्नास-पन्नास आहेत, तरी मागचं दिसतंय कसं?" असा प्रश्न येतो. दोन थरांच्या कडा जिथं अगदी एकमेकींना भिडतात तिथं याचाच त्रास होतो. शिवणीच्या त्या पिक्सेलमध्ये अर्धी जागा एका थराची आणि अर्धी दुसऱ्याची असते, प्रत्यक्षात सगळी झाकलेली. पण सूत्र दोन्ही थर एकावर एक पडलेत असं धरतं, ७५ टक्के म्हणतं, आणि मागच्या भिंतीची एक बारीक पांढरी रेघ शिवणीतून डोकावते. अशा वेळी भिडणाऱ्या वस्तू एकाच थरात रेंडर करणं शहाणपणाचं.

आता एक बारकावा, ज्यावर नवीन मुलं हमखास अडखळतात. रेंडर करणारं सॉफ्टवेअर सहसा रंगाला अल्फानं आधीच गुणून ठेवतं. याला प्रीमल्टिप्लाय म्हणतात. समजा चादरीचा एक लाल धागा पिक्सेलची ४० टक्के जागा झाकतो. मूळ लाल १ असला तरी फाइलमध्ये ०.४ लिहिलेला असतो. मागं पांढरी भिंत आहे. उरलेल्या ६० टक्क्यांतून पांढरा येतो, म्हणून लाल ०.४ अधिक ०.६, म्हणजे १, आणि हिरवा-निळा ०.६. छान फिका गुलाबी रंग मिळतो, चादरीची कड भिंतीत हळुवार मिसळते. पण कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरला हे गुणलेलं आहे असं सांगायचं राहिलं आणि त्यानं पुन्हा एकदा गुणलं, तर ०.४ चे होतात ०.१६. बेरीज ०.७६ वर येते आणि चादरीभोवती मळकी काळपट कड उमटते. दंव पडलेल्या काचेतून पाहावं तशी. ही कड दिसली की मुलं मास्क, म्हणजे थराचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारा आकार, आत ढकलून ती कापायला जातात, आणि पिसांची टोकं कापली जातात. कापायचं काही नसतं, सॉफ्टवेअरमधल्या एका चौकटीतली खूण बदलायची असते.

रंगदुरुस्ती करतानाही हेच लक्षात ठेवावं लागतं. गुणलेल्या थराचा उजेड दुप्पट केला तर चालतं, कारण शून्याचं दुप्पट शून्यच. पण सगळीकडं ०.०५ मिळवले तर जिथं काहीच नव्हतं तिथंही ०.०५ येतात आणि थराचा पूर्ण चौकोन भिंतीवर धुकं पसरल्यासारखा दिसायला लागतो. म्हणून आधी अल्फानं भागायचं, दुरुस्ती करायची आणि मग पुन्हा गुणायचं.

थरांचं आणखी एक विभाजन असतं आणि माझी चूक सुटली ती त्याच वाटेनं. वस्तूनुसार थर करता येतात तसे दिव्यानुसारही करता येतात. आमच्या गच्चीवर तीन दिवे होते असं समजा. एक सूर्य. दुसरं आकाश, कारण निरभ्र आकाश म्हणजे डोक्यावर पसरलेला एक मोठा निळसर दिवाच असतो. तिसरा दिवा पांढऱ्या भिंतीवरून उसळलेला उजेड. प्रकाश नेहमी बेरजेत चालतो. फक्त सूर्यानं उजळलेलं चित्र, फक्त आकाशानं उजळलेलं आणि फक्त भिंतीनं उजळलेलं, अशी तीन चित्रं वेगळी रेंडर करून मिळवली की पूर्ण चित्र तयार होतं. ही बेरीज पूर्ण रेंडरमधून वजा करून पाहण्याची सवय मी सगळ्यांना लावतो. उत्तर सगळीकडं काळं, म्हणजे शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर कुठला तरी थर हरवलाय.

सावली काळी नसते

मी मूळ शॉटमध्ये काय केलं होतं? काळ्या रंगाचा एक थर, चिमणीच्या सावलीच्या आकाराचा, ६० टक्के अल्फाचा, आणि तो चित्रीकरणावर ठेवून दिला. बहुतेक जण असंच शिकतात, मीही असाच शिकलो. घाईच्या कामात कधीकधी ते खपूनही जातं. पण सावली हा वरून टाकलेला रंग नाही. एक दिवा त्या जागेपर्यंत पोचला नाही, एवढंच सावली सांगत असते. बाकीचे दिवे चालूच असतात.

दुपारी गच्चीवर जाऊन टाकीच्या सावलीकडं नीट पाहा. सूर्य अडला तरी आकाश अडलेलं नाही, म्हणून कोब्याचा तो भाग उन्हातल्या भागापेक्षा निळसर दिसतो. भिंतीजवळ तीच सावली जरा उजळ असते, कारण तिथं चुन्याचा उजेड उसळतो. काळा थर यातलं काहीच करत नाही. तो सगळे दिवे एकाच मापानं कमी करतो, म्हणून अशी सावली काजळ फासल्यासारखी, कोब्यापासून सुटी दिसते.

आणि टाकीच्या सावलीत जाऊन तो सूर्याला दुसऱ्यांदा विझवतो. अण्णांना खटकलं ते हेच.

बरोबर रीत भागाकाराची आहे. आधी कॉम्प्युटरमध्ये कोब्याची आणि भिंतीची साधी नक्कल उभी करायची, फक्त आकारापुरती. मग ती दोनदा रेंडर करायची, एकदा चादर आणि चिमणी असताना, एकदा नसताना. पहिल्या चित्राला दुसऱ्यानं भागलं की प्रत्येक पिक्सेलचं एक प्रमाण मिळतं. जिथं काही फरक पडला नाही तिथं १, जिथं ऊन अडलं तिथं समजा ०.१७. या प्रमाणानं खऱ्या चित्रीकरणाला गुणायचं. ब्लेंडरसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही याची सोय शॅडो कॅचर नावानं आहे. जमीन स्वतः दिसत नाही, तिच्यावर पडलेली सावली तेवढी मिळते.

माझ्या शॉटमध्ये एवढं करूनही ठिपका गेला नाही, आणि तिथं मी एक अख्खी दुपार घालवली. कारण नंतर अगदी साधं निघालं. नकलेच्या गच्चीवर कोबा होता, भिंत होती, पण टाकी नव्हती. तिथल्या सूर्याला टाकीच माहीत नव्हती. त्याच्या लेखी तो सगळा भाग उन्हातच होता, म्हणून चिमणीनं तिथं ऊन अडवलं असा हिशेब तो करत राहिला. मग टाकीच्या मापाचा एक नळकांड्याचा आकार स्टँडसकट उभा केला, कॅमेऱ्याला दिसू नये पण ऊन अडवावं अशा बेतानं. आता दोन्ही रेंडरमध्ये टाकीनं सूर्य आधीच अडवला, चिमणी असो वा नसो. भागाकार १ आला, आणि गुणाकारानं त्या भागात काहीच बदललं नाही. चिमणीची सावली टाकीच्या सावलीच्या कडेपर्यंत आली आणि आत विरून गेली.

टाकीची नक्कल करायला वेळ नसेल तर टाकीच्या सावलीचा मास्क हातानं काढून तेवढ्या भागात चिमणीची सावली पुसता येते. तेही चालतं, फक्त कड जपावी लागते. कारण सूर्य हा बिंदू नाही. आपल्याला तो साधारण अर्ध्या अंशाची तबकडी म्हणून दिसतो, त्यामुळं कुठल्याच सावलीची कड कात्रीनं कापल्यासारखी नसते. अडवणारी वस्तू जेवढी लांब, त्याच्या सुमारे एकशेआठाव्या भागाएवढी कड पसरते. वस्तू १ मीटरवर असेल तर कड ९ मिलिमीटरच्या आसपास. आमच्या टाकीच्या वरच्या काठापासून किरणाच्या रेषेत कोबा सव्वाचार मीटरवर होता, म्हणजे कड सुमारे ४ सेंटीमीटर. मास्कची कडही तेवढीच मऊ हवी. नाहीतर दोन सावल्यांच्या मध्ये एक उजळ किंवा काळी फट दिसते.

याच हिशेबात मला आवडणारी एक गोष्ट आहे. चिमणीचं अंग साधारण ५ सेंटीमीटर रुंद धरा. त्याला १०८ नं गुणा, ५४० सेंटीमीटर येतात. म्हणजे किरणाच्या रेषेत साडेपाच मीटरपलीकडं चिमणीची पूर्ण गडद सावली जमिनीपर्यंत पोचतच नाही. पोचतो तो एक पसरट, फिका डाग. आकाशात उंच घिरट्या घालणाऱ्या घारीची काळी सावली आपल्याला अंगणात कधी दिसत नाही, त्याचं कारण हेच. म्हणून चिमणी उडून वर जाते तसतशी तिची सावली नुसती सरकून भागत नाही. ती फिकी व्हायला हवी, पसरायला हवी. दोन फ्रेमच्या मधला हा बदल प्रेक्षक मोजत बसत नाही, पण तो नसेल तर चिमणी उडाली असं वाटत नाही, चित्र सरकवल्यासारखं वाटतं.

मऊ कडेच्या सावल्या हिशेबानं काढण्याची एक गाजलेली रीतही १९८४ मध्येच एका निबंधातून आली. त्या निबंधाच्या तीन लेखकांमध्येही थॉमस पोर्टर होते, थरांचं गणित मांडणारेच. त्याआधी १९७८ मध्ये लान्स विल्यम्स यांनी एक वेगळी युक्ती काढली होती आणि व्हिडिओ गेममध्ये ती आजही राबते. कॅमेरा दिव्याच्या जागी ठेवायचा आणि तिथून काय-काय किती लांब दिसतं त्याची नोंद करायची. दिव्याला जी जागा दिसत नाही, ती सावलीत. युक्ती झटपट आहे, पण नोंदीचे आकडे ठोकळ असतात. त्यामुळं कधी वस्तू स्वतःच्याच सावलीत आहे असा गैरसमज होऊन अंगभर काळे ठिपके उठतात. ते घालवायला आकड्यांत जरा सूट दिली आणि ती जास्त झाली, की सावली पायापासून सुटते आणि पात्र जमिनीवर तरंगायला लागतं. पाय आणि सावली जिथं भेटतात ती जागा मी कुठल्याही शॉटमध्ये सगळ्यात आधी मोठी करून पाहतो.

टाकीच्या सावलीतही एक गोष्ट उरते. तिथं सूर्य नसला तरी आकाश आहे. चिमणी त्या सावलीत कोब्यावर उतरली असती, तर तिच्या पोटाखाली आकाशाचा उजेड अडला असता आणि एक मऊ, बिनकडेचा काळोख साचला असता. पलंगाखाली दिवसाही असतो तसा. म्हणून "सावलीत सावली पडत नाही" असा सरसकट नियम करू नये. सूर्याची सावली पडत नाही, आकाशाची पडते. दिव्यानुसार थर असतील तर हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही, बेरजेत आपोआप येतं.

कधीकधी भागाकाराचं उत्तर १ पेक्षा जास्तही येतं, आणि पहिल्यांदा पाहणारा गडबडतो. आमच्या चादरीची जमीन, म्हणजे नक्षीमागचा मूळ रंग, लाल होती. ऊन तिच्यावर पडून लालसर उजेड शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर उसळत होता. चादर नसताना तो उजेड भिंतीवर नव्हता, म्हणून तिथं लाल रंगाचं प्रमाण १.०४ आलं. चादर ऊन अडवते तशी देतेही. साध्या जेपेगमध्ये १ च्या वरचा आकडा मावत नाही, तो छाटला जातो आणि भिंतीवरची ती लाली हरवते. यासाठीच इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीनं बनवलेला आणि २००३ मध्ये सगळ्यांना खुला केलेला ओपन ईएक्सआर हा फाइलचा प्रकार वापरतात. त्यात १ च्या वरचे आकडे राहतात आणि कितीही थर एकाच फाइलमध्ये ठेवता येतात.

आता वर मी जिथं-जिथं बेरीज, गुणाकार, भागाकार म्हटलं ते सगळं एका अटीवर खरं आहे. आकडे प्रकाशाचे असले पाहिजेत. फोटोतले आकडे तसे नसतात. पडद्यासाठी ते वाकवून ठेवलेले असतात, कारण आपल्या डोळ्याला अंधारातले फरक जास्त जाणवतात. ० ते २५५ मधला १२८ हा निम्मा उजेड वाटतो, पण प्रत्यक्षात तो जेमतेम २२ टक्के प्रकाश असतो. दोन दिवे प्रत्येकी १२८ देत असतील तर दोन्ही लावल्यावर २५५ होत नाहीत, सुमारे १७६ होतात. वाकवलेल्या आकड्यांची सरळ बेरीज केली की उजेड भडक होतो, सावलीची मऊ कड चुकीच्या जागी गडद होते, आणि मग माणूस हातानं एकेक चूक झाकत बसतो. म्हणून कामाच्या सुरुवातीलाच चित्रीकरण लिनिअर, म्हणजे प्रकाशाच्या न वाकवलेल्या आकड्यांत, करून घ्यायचं, सगळं गणित त्यात करायचं आणि अगदी शेवटी पडद्यासाठी पुन्हा वाकवायचं. माझ्याकडं येणाऱ्या मुलांपैकी जी इथं आळस करतात, त्यांचे शॉट मी लांबून ओळखतो.

बाकीची कामं थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक रवा, म्हणजे ठिपक्यांचा खरखरीतपणा, असतो, तो चादरीवर आणि चिमणीवरही टाकावा लागतो, सावलीनं गडद केलेल्या भागातला रवाही तपासावा लागतो. काळ्यातला काळा जुळवावा लागतो. चिमणी चादरीच्या मागून जाते तिथं अंतराचा थर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधली वस्तू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते सांगणारा, उपयोगी पडतो, पण कडेच्या पिक्सेलला एकच अंतर लिहिता येत असल्यानं पिसांपाशी तो दगा देतो. तिथं चादरीच्या आकाराचा भाग चिमणीच्या रेंडरमधूनच कापून घेतलेला बरा.

सूर्याची दिशा मात्र अंदाजानं ठेवू नये. त्यासाठी महागडं काही लागत नाही. चित्रीकरणाच्या वेळी १ मीटरची काठी उभी करून तिची सावली मोजायची आणि ती कुठल्या दिशेला पडली त्याचा वरून फोटो घ्यायचा. आम्ही सकाळी सव्वानऊला मोजली तेव्हा सावली जवळपास काठीएवढीच होती, म्हणजे सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर. तो आकडा कॉम्प्युटरमधल्या सूर्याला दिला की चादरीची सावली आपोआप टाकीच्या सावलीला समांतर पडते. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य माध्यान्हीला थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. त्या दिवसांत भर दुपारी शूटिंग करू नका. शॉटला सांगण्यासारखी सावलीच उरत नाही.

आणखी एक मोजमाप मी आता प्रत्येक जागी करतो. कॅमेरा स्टँडवर घट्ट, एक्स्पोजर हातानं पक्कं केलेलं. एक फोटो उन्हातल्या कोब्याचा. मग कुणाला तरी पुठ्ठा घेऊन जरा लांब उभं करायचं, फक्त सूर्य अडेल असा, आणि त्याच जागेचा दुसरा फोटो. पुठ्ठा फार जवळ धरला तर तो आकाशही झाकतो आणि आकडे चुकतात. दोन्ही फोटो लिनिअर करून दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं. आमच्या कोब्यावर लाल ०.१४, हिरवा ०.१७ आणि निळा ०.२३ आला. सावलीत निळा किती जास्त टिकतो ते या तीन आकड्यांत दिसतं. चिमणीच्या सावलीला मी हेच तीन आकडे दिले, आणि काळ्या रंगाचा थर फाइलमधून काढून टाकला.

अण्णांनी दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा चिमणीबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी शॉट चादरीवर थांबवायला लावला आणि विचारलं, "काठाचा हिरवा धागा जरा पिवळा झालाय का ओ?" झाला होता. चादरीच्या थराचा अल्फानं भागाकार न करताच मी रंग दुरुस्त केला होता.